आधी मुली

सई आणि नील,

हे मी आधी इंग्रजीत लिहायला बसले होते, म्हणजे तुमचं तुम्हाला वाचता आलं असतं. दोन पानं झाली आणि फाडून टाकली. ज्या माणसाबद्दल लिहायचं होतं तो इंग्रजीत उतरेना. त्याच्या जागी कुणीतरी शहाणा, सभ्य गृहस्थ येऊन बसला, आणि तो माणूस तसा मुळीच नव्हता. तेव्हा आईला वाचून दाखवायला सांगा. ती मध्येच गाळायला लागली तर तिला म्हणा, आजीनं गाळायचं नाही असं लिहिलंय.

कासारवाडी स्टेशनातून बाहेर आलं की एक चहावाला, त्याच्या पलीकडे मोबाइलची कव्हरं विकणारा, आणि त्या दोघांच्या मधल्या फटीत बसवल्यासारखं त्यांचं झेरॉक्सचं दुकान होतं. सगळे त्यांना काका म्हणत. माझ्याहून फार तर दोन-तीन वर्षांनी मोठे असतील, पण मीही काकाच म्हणायची. पूर्वी ते पिंपरीतल्या एका कारखान्यात ड्रॉइंग काढायचे. कॉम्प्युटर आले तेव्हा त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि निघताना आपलं भिंग, टोकदार पेन्सिली आणि साहेबांशी भांडायची सवय बरोबर घेऊन आले. भांडायला साहेब उरले नव्हते, म्हणून गिऱ्हाइकांशी भांडत.

आधार कार्ड, लाइट बिल असलं काही असेल तर ते न बघता कॉपी काढून देत. पण जुना कागद आला, पिवळा पडलेला, घड्यांवर फाटलेला, की मशीनवरचा टॉवेल जागचा हलत नसे. काका चष्मा कपाळावर सरकवत, कागद अगदी नाकाजवळ नेत आणि वाचायला लागत.

"काका, नुसती झेरॉक्स हवीये. घाई आहे."

"हा कागद तुमच्या आज्यापासून थांबलाय. तुम्हाला चहा होईस्तोवर थांबता येत नाही?"

मग प्रश्न सुरू. हा कोण, तो कोण, हा ह्याचा कोण. आणि कागदात घराण्याची वंशावळ असेल तर पहिला प्रश्न ठरलेला. "आधी मुली सांगा."

एकदा माझ्यासमोर दोघे भाऊ आले होते, चाकणकडचे. जमिनीच्या कामासाठी वंशावळ जोडायची होती. धाकट्याच्या हातात मोटारसायकलची किल्ली सारखी फिरत होती.

"पणजोबांना चार मुलं," थोरला म्हणाला.

"चार मुलगे. आणि मुली?"

"मुली हुत्या की. लग्नं झाली त्यांची."

"मग? लग्नात वाफ झाली त्यांची?"

"तसं न्हाई काका. पण वंशावळीत न्हाई लावत त्यांना."

"कोण नाही लावत?"

"कोनीच न्हाई लावत राव! तुमी झेरॉक्स काढा ना."

काकांनी कागदावर पितळी वजन ठेवलं. "आईला फोन लाव."

धाकट्यानं रस्त्यात उभं राहून आईला फोन लावला. मधूनच स्टेशनातली घोषणा आली, रिक्षावाल्याचा हॉर्न आला, आणि त्या सगळ्या गोंगाटातून तो पठ्ठ्या एका कानावर हात ठेवून ओरडत होता, "आये, पंजोबाच्या पोरींची नावं सांग! पोरींची! आगं काय न्हाई झालं, हितं एक काका बसल्यात!" तीन नावं मिळाली. काकांनी ती कॉपीवर पेन्सिलीनं बारीक, सुंदर अक्षरात लिहिली आणि कागद थोरल्याच्या हातात दिला. "पेन्सिलीनं लिहिलंय. नको असतील तर खोडून टाका. पण तुमच्या हातानं खोडा. माझ्या नाही."

त्यांनी खोडली की नाही कोण जाणे. काकांनी कधी मागे जाऊन पाहिलं नाही.

आता मी त्यांच्याकडे कशी गेले ते सांगते. सई, ते तुझ्यामुळे झालं. दोन वर्षांपूर्वी तुला शाळेत घराण्याचा तक्ता करायचा होता, आणि मी फोनवरून तुला एकेक नाव सांगत होते. माझ्या आईपाशी आलो. मी चार वर्षांची असताना ती गेली हे तुम्हाला ठाऊक आहे. "सुमती," मी म्हटलं. मग जन्मभर शाळेत शिकवलेलं असल्यामुळे पुढचंही सांगितलं, की आपल्याकडे लग्नात नवरा ताटभर तांदळात बायकोचं नवं नाव लिहायचा, आणि सुमती हे तिचं असं लिहिलेलं नाव.

"मग ती माझ्याएवढी होती तेव्हा तिला काय म्हणायचे?" तू विचारलंस.

मला माहीत नव्हतं.

"आजी! तुला तुझ्या आईचं नावच माहीत नाही?" आणि तुला इतकं हसू आलं की तू खुर्चीतून घसरलीस आणि जमिनीवरच बसलीस. मला इकडे पडद्यावर नुसती रिकामी खुर्ची दिसत होती आणि खालून तुझं हसणं ऐकू येत होतं. मीही हसले. फोन ठेवला तेव्हा मात्र मला काही सुचेना. इतकी वर्षं मी वर्गात हजेरी घेतली. पोरांची नावं चुकीची उच्चारली गेली तर त्यांना वाईट वाटतं म्हणून घरी म्हणून बघायची. आणि माझ्या आईला तिच्या माहेरच्या अंगणातून कुणी हाक मारत असेल, ती कशी मारत असेल, हे मला कधी कुणाला विचारावंसंही वाटलं नव्हतं. विचारावंसं वाटलं तेव्हा विचारायला माणूस उरलं नव्हतं. आई गेल्यावर वर्षभरात वडिलांनी दुसरं लग्न केलं. ते रेल्वेत कारकून. बदली होऊन आम्ही भुसावळला गेलो आणि आईचं माहेर तुटलं. नव्या आईला मी माई म्हणायची. तिनं मला कधी परकं मानलं नाही, पण पहिलीचं नाव ती काढत नसे आणि वडील तर नाहीच नाही.

माझ्याकडे एकच कागद होता, माझ्या जन्माचा दाखला. पासपोर्टसाठी काढलेला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून माझा जन्म चाकणच्या पलीकडच्या एका गावी झाला, एवढं त्यावर होतं, आईचं नाव नव्हतं. त्याची कॉपी करायला मी काकांच्या दुकानी गेले. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी फायलीत, फायलीवर चिठ्ठी: 'जन्म'.

काकांनी फाइल हातात घेऊन मागूनपुढून बघितली. "मॅडम, दवाखान्यात आल्यासारखं वाटतंय. हा पेशंट कुठल्या वॉर्डातला?" मग कागद नाकाजवळ नेला. "वाचलाय का हा?"

"वाचलाय. मी शिक्षिका होते."

"ते नाही विचारलं. हे काय लिहिलंय? 'खबर देणार, राणू बिन शिवा.' कोण हा?"

मी म्हटलं, असेल तिथला कुणी कारकून. खबर देणार हे मला इतकी वर्षं एखाद्या हुद्द्याचं नाव वाटत होतं.

काकांनी मला स्टूल दिलं. गिऱ्हाइकाला स्टूल मिळणं ही तिथं मोठी गोष्ट होती, हे मला नंतर कळलं.

"मूल झालं की घरातलं कुणीतरी चावडीवर जाऊन सांगायचं. जो सांगेल तो खबर देणार. बिन म्हणजे मुलगा. शिवाचा मुलगा राणू. मॅडम, बाळंतपण माहेरी झालं ना? मग त्या घरातून सांगायला कोण उठून जाईल?"

"माझ्या आईचे वडील."

"ते चालत गेले आणि म्हणाले, आमच्याकडे मुलगी झाली. तेव्हा तुम्ही ह्या कागदावर आलात."

मी तो दाखला घेऊन उठले, पण घरी गेले नाही. फलाटावरच्या बाकावर बसले आणि लोणावळ्याकडच्या गाड्या जाताना बघत राहिले. माझे आजोबा इतकी वर्षं माझ्या कपाटात होते, आणि मी त्यांना कारकून समजत होते.

तेव्हापासून मी तिथं जायला लागले. सकाळचं आवरून पिंपळे सौदागरहून रिक्षा करायची, कधी माझ्या कामाचं विचारायला, पुष्कळदा नुसतंच. तुमचे आजोबा गेल्यानंतर मला कुणी रागावत नव्हतं. काका रागवायचे. मी जुन्या कागदांतल्या शब्दांची एक यादी अकारविल्हे करायला घेतली तर म्हणाले, "शब्द वाळत घालू नका. ज्याचा कागद आहे त्याच्या समोर समजून घ्या."

एकदा हिंजवडीतल्या कंपनीचं ओळखपत्र गळ्यात घातलेला एक मुलगा आला. हुशार, बोलका. त्यानं आपल्या घराण्याचा सगळा वृक्ष मोबाइलवर केला होता.

"काका, आमच्या फॅमिलीत एक इंटरेस्टिंग गोष्ट आहे. सगळ्या बायकांचं मिडल नेम सेम आहे. ही बघा, सखू भ्रतार तुकाराम. ही गंगू भ्रतार मारुती. हे कुलदेवतेवरून वगैरे असतं का?"

काकांनी चष्मा काढून मशीनवर ठेवला. "बाळा, लग्न झालंय तुझं?"

"ठरलंय. दिवाळीनंतर आहे."

"मग दिवाळीनंतर तूही भ्रतार होशील."

शेजारचा चहावाला ऐकत होता, तो हातातली किटली ठेवून हसायला लागला. भ्रतार म्हणजे नवरा, हे कळल्यावर मुलगा लाजला, मग स्वतःही हसला. पण काका त्याला सोडायला तयार नव्हते. "आणि हे 'गंगू कोम मारुती' असं कुठे दिसलं तर ती मारुतीची बायको. कोमला आणखी एखादी देवी करू नको."

मुलगा मोबाइलवर दुरुस्त्या करता करता थांबला. "म्हणजे काका, ही कुणाची बायको ते कळलं. पण हिचं माहेरचं नाव काय, ही कुठली, ते काहीच नाही?"

"कागदवाल्याला त्याच्याशी कर्तव्य नव्हतं. ते विचारायला घरी जावं लागतं," काका म्हणाले.

त्यांचं चुकायचंही, आणि चुकताना ते बरोबर असतानाइतकेच ठाम असत. बँकेत अधिकारी असलेल्या एक बौद्ध बाई आजोबांच्या जमिनीचा कागद घेऊन आल्या होत्या. त्यात 'हाडवळा' असा शब्द होता. काकांनी लगेच सांगितलं, "हाडं टाकायची जागा. नापीक रान."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"शब्दातच आहे ना."

"शब्दात नाही, तुमच्या डोक्यात आहे," बाई शांतपणे म्हणाल्या. "गावाचे निरोप पोचवायचे, सरकारी माणसांच्या पुढे धावायचं, मेलेलं ढोर ओढायचं, रात्र म्हणायची नाही की दिवस. त्या कामाच्या बदल्यात आमच्या माणसांना दिलेली जमीन ती. बाजरी व्हायची त्यात. मी खाल्लीय त्याची भाकरी."

काका उठून उभे राहिले. आपली खुर्ची त्यांनी बाईंना दिली, स्वतः काउंटरच्या बाहेर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "परत सांगा. सगळं सांगा." पुढे तसा कागद आला की ते कुणालाही स्पष्ट सांगत, "थांबा, ह्यातलं मला कळत नाही, बाईंना फोन लावतो."

कागद वाचून झाले की काका भांडी मागत. हे त्यांचं सगळ्यांत मोठं खूळ. आपल्याकडे जुन्या भांड्यांवर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं असतं ना, देणाऱ्याचं किंवा घेणाऱ्याचं, ते त्यांना बघायचं असे. लोक पिशव्यांतून डबे, वाट्या, कळश्या घेऊन येत. काही दिवस तर ते दुकान मोड विकत घेणाऱ्याचं आहे असंच वाटे. काका भांडं ट्यूबलाइटखाली तिरपं धरत, झिजलेल्या नावावर बोटानं खडूची पूड चोळत आणि अक्षरं वर येत. "कागदावर बाईचं नाव घालायला पुरुष बसलेले असायचे," ते म्हणत, "भांडं बाई स्वतः निवडते."

त्यांनी मलाही भांडी आणायला सांगितली. मी पाच भांडी चिंचेनं घासली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि प्रत्येकावर चिठ्ठी लावून नेली. वडिलांच्या नावाचा पेला, माईच्या माहेरून आलेल्या दोन वाट्या, माझ्या लग्नातली दोन. त्यांत काही नव्हतं.

"एवढीच?"

"आमची सगळी."

ते खरंच होतं. सहावं होतं ते आमचं नव्हतं. तो एक पितळी तांब्या, त्यावर नुसतं 'हौसा' असं नाव. माई लग्न होऊन आली तेव्हा तो घरात होता. आमच्यात हौसा कुणी नाही. कुठल्यातरी पंगतीत अदलाबदल झाली असणार, असं माईनं ठरवलं. असं व्हायचंच, म्हणून तर नावं घालायचे. दुसऱ्याची वस्तू म्हणून माई तो वापरत नसे. दिवाळीला घासून पुन्हा वरच्या फळीवर. पुढे तिनं सगळं पितळ मोडीत देऊन स्टीलची भांडी घेतली तेव्हा तांब्याही पिशवीत टाकला होता. स्वयंपाकघरात कधी लक्ष न घालणारे माझे वडील त्या दिवशी दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "तो राहू दे. मालकीण मागायला आली तर काय देशील?" माईला ते पटलं. भुसावळ, मग मनमाड, मग पुणे, प्रत्येक बदलीला तो तांब्या आमच्याबरोबर फिरला, आणि माईनंतर माझ्याकडे आला. माझ्याही घरात तो वरच्या फळीवरच राहिला. परक्याची वस्तू आपल्यांत मिसळायची नाही हे माझ्या अंगवळणी पडलेलं होतं.

काकांनी माझ्या सहीनं तालुक्याला अर्ज केला होता. आजोबांच्या जमिनीच्या जुन्या नोंदीची नक्कल पुष्कळ महिन्यांनी आली. तुझा तक्ता तोवर शाळेत जमा होऊन गेला होता, सई. काकांनी कागद मलाच वाचायला लावला. राणू बिन शिवा मयत. वारस, विधवा भागूबाई कोम राणू. मुलगा नाही. मुलगी एक, लग्न होऊन सासरी नांदते.

मी पुन्हा वाचला. आजीचं नाव मिळालं होतं. ते मी त्याआधी कधी ऐकलंही नव्हतं. पण आई नुसती 'मुलगी एक'.

मला वाटतं माझं तोंड तेव्हा बघण्यासारखं झालं असणार, कारण काका रागावले नाहीत. त्यांनी मशीनवर टॉवेल घातला, शटर अर्धं ओढलं आणि म्हणाले, "चला मॅडम."

"कुठे?"

"घरी. विचारायला."

नाशिक फाट्यावरून आम्ही बस धरली. भोसरी गेली, मोशी गेली, चाकणच्या चौकात कंटेनरांच्या रांगेत बस अडकून पडली. काका खिडकीतून बोट दाखवत होते: इथं ज्वारी होती, इथं हरभरा. मला कारखान्यांच्या निळ्या पत्र्यांखेरीज काही दिसत नव्हतं. पुढे रिक्षा केली. गावात भाड्याच्या खोल्यांच्या चाळी उभ्या राहिल्या होत्या, प्रत्येक दारापुढे कंपनीच्या गणवेशाचे शर्ट वाळत होते. रात्रपाळी करून आलेले कामगार आत झोपलेले. किराणा दुकानात काकांनी राणूच्या घराण्याची चौकशी केली, आणि दुकानदारानं पलीकडच्या पत्र्याच्या पडवीकडे हात केला.

पडवीत खाटेवर एक म्हातारी बसली होती. नव्वदीला टेकलेली असेल, पण नजर खणखणीत.

"कोन म्हनायचं?"

"राणूची नात," काका म्हणाले. "मुलीकडची."

"रानूआन्ना माझा चुलता," म्हातारी म्हणाली. "त्याला येकच पोर. हौसा. तिची तू?"

काकांना वाटलं मला ऐकू आलं नाही, म्हणून ते मोठ्यानं म्हणाले, "हौसा, मॅडम. हौसा!"

"हिकडं ये. तोंड दाव," म्हातारी म्हणाली. म्हणजे ती माझ्या आईची चुलत बहीण, माझी मावशी. तिनं दोन्ही हातांनी माझा चेहरा चाचपला. "नाक बापावर गेलंय. कपाळ तिचं हाय. कुटं हुतीस गं इतकी वर्सं?"

"मावशी, तिचं नाव सुमती होतं ना?"

"ते पाव्हन्यानी ठिवलं. शिकल्यालं पाव्हनं. आमाला न्हाई म्हनाया यायचं ते. आमी आपलं हौसाच म्हनायचो. आन तिला तरी कुटं आवडलं हुतं? लगीन झालं, तांदळात नाव लिवलं, समद्यांनी टाळ्या वाजवल्या. दुपारी गाडी जुपली, आन ही बया म्हनती, मी न्हाई हलायची. का? तर आन्नानी तांब्या दिल्याला, त्याच्यावर आन्नाचं नाव घालायचं ठरल्यालं. ही म्हनती, माझं घाला. नवं न्हाई, माझंच. हौसा. नाव घालनारा बाजाराच्या गावाला गेल्याला, तो येईस्तवर पाव्हनं गाडीत बसून. बैलं उन्हात, वरमाई लाल!" म्हातारी खदखदून हसली. "आन ही हसती! लई हसायची. हसाया लागली का उबं ऱ्हावायचं न्हाई तिला, खाली फतकल मारून बसायची. तशीच बसली हुती गाडीच्या चाकापाशी, शालू नेसून, धुळीत."

काका माझ्याकडे बघत होते. "मॅडम? काय झालं?"

"तो तांब्या माझ्याकडे आहे," मी म्हटलं.

काकांचा आवाज चाळीतल्या झोपलेल्या माणसांपर्यंत गेला असणार. "मी विचारलं होतं! सगळी भांडी आणली का म्हणून विचारलं होतं मी!"

"आमची सगळी आणली होती."

"आणि हे कुणाचं होतं?"

"आरं तिच्यावर कशापायी वरडतुस?" म्हातारी काकांवर कडाडली. "आईइना पोर ती!" मग माझ्याकडे वळून, "हाय व्हय अजून? पानी पी त्यानं. नुसता ठिवू नगं."

परतताना काका पिंपळे सौदागरला माझ्या घरापर्यंत आले. आमच्या घरी ते तेवढेच एकदा आले. मी स्टूल घेऊन वरच्या फळीवरून तांब्या काढला. त्यांनी खिशात हात घातला, मला वाटलं खडू काढतात, पण खडूची गरज नव्हती. कधी वापरलाच नव्हता, त्यामुळे ठिपके कालचे असावेत तसे स्वच्छ होते.

"वाचा," ते म्हणाले.

"हौसा."

"मोठ्यानं वाचा की. वर्गात वाचायचात तसं."

मी मोठ्यानं वाचलं. मग आणखी एकदा वाचलं. मला वडील आठवले, मनमाडच्या घराच्या दारात उभे असलेले, हात मागे बांधून. माईच्या समोर त्यांनी आईचं नाव कधी उच्चारलं नाही. जन्मभर त्यांनी तेवढा तांब्या मात्र मोडीत जाऊ दिला नाही. काका स्वतः उठून तांब्यात पाणी भरून घेऊन आले, आणि मी पाणी पिऊन होईपर्यंत खिडकीतून बाहेर बघत उभे राहिले.

गेल्या थंडीत काका गेले. झोपेतच गेले. त्यांना हे आवडलं नसतं. भांडता आलं असतं तर बरं, असं म्हणाले असते. आता त्या फटीत कव्हरवाल्यानं आपलं दुकान वाढवलंय. मी त्यांच्या घरी भेटायला गेले तेव्हा काकू एकट्याच होत्या. बाकीचे बोलून गेले असतील तेच बोलायचं माझ्यानं होईना, म्हणून मी विचारलं, "काकू, तुमचं माहेरचं नाव काय?"

त्या चमकल्या. मग इतक्या दिवसांत पहिल्यांदाच असावं, तशा हसल्या. "शेवंता. अजूनही तेच आहे. लग्नात ताट पुढं आलं तेव्हा ह्यांनी तांदळात तेच लिहिलं. भटजी म्हणाले, अहो, नवं लिहायचं असतं. तर हे म्हणाले, 'ह्यात काय बिघडलंय? चालू आहे की.' तिथंही भांडलेच ते."

मी अजून कधीकधी कासारवाडीला जाते. काम नसतं. चहावाला चहा देतो आणि म्हणतो, "मॅडम, आता कुणी ओरडत नाही हो." आम्ही दोघं ती फट होती तिकडे बघतो. लोक घाईनं स्टेशनात शिरत असतात, कुणाच्या हातात एखादी जुनी पिशवी दिसली की मला वाटतं, उठून विचारावं.

परवाच्या रविवारी हे सगळं मी तुम्हाला फोनवर थोडक्यात सांगितलं, आठवतं ना? तांब्या कॅमेऱ्यासमोर धरला. नीलनं अक्षरं ओळखली. सई, तू नाव म्हणालीस, पहिल्यांदा हळू, मग तुझ्या त्या तिकडच्या उच्चारात मोठ्यानं. तुमच्याकडे बाहेर बर्फ पडत होता आणि तू हातमोजे शोधत होतीस. मग मी तुला गाडीत खोळंबलेल्या पाहुण्यांची गोष्ट सांगितली, उन्हात उभे बैल, लालबुंद झालेली वरमाई, आणि नाव घातल्याशिवाय मी हलणार नाही म्हणणारी नवरी. तू तोंडावर हात दाबलास. मग हसायला लागलीस, खुर्ची धरायला गेलीस, ती सुटली.

मी तांब्या हातात धरून बसले होते. पडद्यावर खुर्ची रिकामी होती. तू खालून हसत होतीस, आणि मी हाक मारली, ती मात्र तुझ्या नावानं नव्हती.